‘माझं वावर, माझी मर्जी’ कुठपर्यंत? फार्महाऊसवरच्या पार्ट्यांबद्दल एका सरपंचताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावाजवळच्या शेतवस्तीला लागून एकानं फार्महाऊस बांधलं. आधी घरचेच कार्यक्रम व्हायचे, आता शहरातले लोक ते भाड्यानं घेतात. वाढदिवस, हळद, थंडीत हुरडा पार्टी, वर्ष संपताना ३१ डिसेंबर. डीजे रात्री दोनपर्यंत चालतो, अरुंद रस्त्यावर गाड्या लागतात, सकाळी ओढ्यात थर्माकोलच्या पत्रावळ्या. मालक म्हणतो, ‘माझं वावर आहे, माझी मर्जी.’ ठाण्यातून उत्तर येतं, ‘खासगी जागा आहे, आम्ही काय करणार?’ आणि तुम्ही विचारता, ग्रामपंचायत हे थांबवू शकते का.

मी मराठवाड्यात तालुका आणि जिल्हा न्यायालयांत वकिली करतो. ग्रामपंचायतींची कामं पाहतो, तशी लॉन्स आणि मंगल कार्यालयवाल्यांचीही पाहिली आहेत. दोन्हीकडची गाऱ्हाणी आणि दोन्हीकडच्या पळवाटा माहीत आहेत. उत्तर आधीच सांगतो. पार्ट्या सरसकट बंद करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. पण त्या पार्टीतलं जे काही बांध ओलांडून तुमच्याकडे येतं, मग तो आवाज असो, गाड्या असोत, कचरा असो, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला आजच कायदा लागू आहे. तो राबवायचा तर हालचाल बुकिंगच्या आधी करावी लागते. रात्री एक वाजता फोन करून फार थोडं हाती लागतं.

‘खासगी जागा आहे’ हे ठाण्याचं उत्तर कायद्यात बसत नाही. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली केलेले नियम आहेत. जागा कोणाच्या मालकीची हे ते विचारत नाहीत. लाऊडस्पीकर लावायचा तर सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, दिवसासुद्धा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात लाऊडस्पीकर आणि साऊंड सिस्टिम बंद. कायमचे अपवाद दोनच, बंदिस्त सभागृह आणि सार्वजनिक आणीबाणी; सणांची सवलत पुढे सांगतो. खासगी जागेचा तर त्यात वेगळा उल्लेख आहे. खासगी जागेतल्या साऊंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मोजला, तर त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा जास्त जाता कामा नये. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की भाषणस्वातंत्र्यात दुसऱ्याला बळजबरीनं ऐकायला लावण्याचा हक्क येत नाही, आणि शांततेत जगणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. ठाण्यात जाताना नियमांची मराठी प्रत सोबत ठेवा. तोंडी वादापेक्षा कागद पुढे सरकवला की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

आता व्यवहाराचं. डेसिबलवर भांडू नका, घड्याळावर भांडा. नियमांत औद्योगिक, वाणिज्यिक, रहिवासी आणि शांतता क्षेत्र असे चारच प्रकार आहेत. तुमची शेतवस्ती यातल्या कशात बसते यावर समोरचा वकील दोन तारखा सहज काढील. आवाज मोजायचा मीटर कुठं धरला, त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, कधी झालं, हे प्रश्न वेगळेच. शिवाय मीटर ज्या पद्धतीनं आवाज मोजतो, त्यात खालचे जाड स्वर कमी धरले जातात. पत्रे थरथरत असतात आणि आकडा मात्र बेताचाच दिसतो. रात्री दहानंतर हा घोळ राहत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या वेळेचं बंधन मोडलं, एवढ्यावरही तक्रार करता येते. दहानंतर डीजे चालू होता हे एक व्हिडिओ, एक पंचनामा आणि दोन साक्षीदार सांगू शकतात.

इथं मालक एक ठरलेलं उत्तर देतो, ‘आमचा हॉल बंदिस्त आहे.’ नियमानं सूट दिली आहे ती सभागृह, बैठकीची खोली, समाजमंदिर, बँक्वेट हॉल अशा जागांना, आणि तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला बिछायतवाल्याचा पडदा, याला मी बंदिस्त म्हणत नाही. लॉन तर नाहीच नाही. आणि जागा खरोखर बंदिस्त असली तरी हद्दीवरची ५ डेसिबलची अट सुटत नाही. दुसरं उत्तर असतं, ‘बारापर्यंत सवलत आहे.’ ती सवलत सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी आहे, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस शासनाच्या वतीनं जिल्हाधिकारी आधी जाहीर करतात. ती यादी मागून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कोणाच्या वाढदिवसाची किंवा हळदीची तारीख तिच्यात नसते.

‘माझं फार्महाऊस वस्तीपासून अर्धा किलोमीटर लांब आहे’ हेही तुम्ही ऐकलं असेल, म्हणून आवाजाचा हिशेब सांगतो. उघड्या माळावर एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरच्या बॉक्सपासून १ मीटरवर ११० डेसिबल असेल, तर १२८ मीटरवर ६८ उरतो आणि ५१२ मीटरवर ५६. म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरही रहिवासी भागाच्या रात्रीच्या ४५ पेक्षा बराच वर. हा झाला साधा हिशेब. थंडीत आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं, रात्री जमीन लवकर गार पडते आणि तिच्यालगतची हवा थंड, वरची उबदार अशी उलटी घडी बसते. अशा रात्री वर गेलेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, झोपलेल्या माणसाच्या छातीत ठोके वाजतात. हुरड्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांची तक्रार खोटी नाही, नाजूकपणाची तर अजिबात नाही. लातूर, नांदेडकडे वसतिगृहांत राहून वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या लेकरांचीही हीच तक्रार असते. त्यांचं कोणी मनावर घेत नाही, कारण ती भाड्याच्या खोलीत राहतात आणि त्या वॉर्डात त्यांचं मत नसतं. मला याचा राग येतो.

दाद कोणाकडे मागायची? नियमांतला ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी. त्यामुळे ठाण्यातल्या फौजदारानं हात वर केले, तर अर्ज उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या नावानं द्या. छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या गावांनी आधी एक तपासावं, आपलं ठाणं शहर आयुक्तालयाखाली येतं की ग्रामीण अधीक्षकांखाली. कित्येक अर्ज नुसते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३८ खाली आणि ध्वनी नियमांच्या नियम ८ खाली विशिष्ट जागेतला गोंगाट थांबवण्याचा लेखी आदेश काढता येतो. एका कार्यक्रमापुरतं न मागता वारंवार त्रास देणाऱ्या जागेविरुद्ध हा आदेश मागा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांबद्दलच्या प्रकरणात पोलिसांना बजावलं आहे की तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका, आणि ती कळली तरी समोरच्याला सांगू नका. आधी समज, मग दंड, मग साहित्य जप्त, अशी पायरीही घालून दिली आहे. गावात तक्रार करणारा दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसतो, त्यामुळे आपल्यासाठी या निर्देशाची किंमत मोठी आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

शिक्षेबद्दल जुनी माहिती अजून फिरते. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली पाच वर्षं कैद, असं वकीलसुद्धा नोटिशीत लिहितात. जनविश्वास कायदा, २०२३ नं हे कलम बदललं. १ एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला, तोही न्यायनिर्णय अधिकाऱ्यानं, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या शासकीय अधिकाऱ्यानं, ठरवायचा. पाच वर्षांची धमकी घातलेली नोटीस समोरचा वकील एका ओळीत उडवून लावतो. त्यापेक्षा १५ लाखांचा आकडा मालकाला जास्त नीट कळतो.

आवाज सोडला तरी पकडण्याजोग्या जागा आहेत. जमिनीचा वापर ही सगळ्यात मोठी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतघराला जागा आहे ती शेतकऱ्याच्या राहण्यासाठी आणि शेतीच्या कामासाठी. भाडं घेऊन कार्यक्रमाला जागा देणं हा धंदा झाला, आणि परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ४५ खाली दंडाची कारवाई होऊ शकते. लॉन किंवा मंगल कार्यालयाला २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे वेगळी विकास परवानगी लागते आणि तिच्यात गाड्या लावायची जागा दाखवावी लागते. तहसीलदारांना स्थळपाहणीचा अर्ज द्या. गाव महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर त्यांनाही प्रत पाठवा. मालकानं २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केली असेल तर चांगलंच आहे, पण त्या नोंदणीनं ध्वनी नियमांतून सुटका होत नाही.

दारूबद्दल गावात हमखास ‘आडवी बाटली’चा विषय निघतो. ते महिलांचं मतदान परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी असतं. इथं परवानाच नाही, तर मतदान कशाचं? पार्टीत दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून त्या दिवसापुरता परवाना घ्यावा लागतो. तो नसताना भाड्याच्या जागेत दारू पिऊ दिली तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली जागा चालवणारा आणि कलम ८४ खाली पिणारे, दोघंही अडकतात. ढाब्यांवर छापे पडतात ते याच कलमांखाली. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. कॉलेजच्या पोरांच्या पार्ट्या होतात तिथं हा मुद्दा गंभीर आहे, कारण रात्री दोन वाजता तीच पोरं मोटारसायकलवर तुमच्या अंधाऱ्या रस्त्यानं परत निघतात.

थर्माकोलच्या ताटवाट्यांवर मार्च २०१८ पासून राज्यात बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार दंड. रेन डान्ससाठी बोअर उपसत असतील तर टंचाईच्या काळात सार्वजनिक स्रोताजवळच्या उपशावर बंधन घालण्याचे अधिकार प्रशासनाकडे आहेत. तलवारीनं केक कापणं आणि आनंदात हवेत गोळी झाडणं हे शस्त्र कायद्याचे गुन्हे आहेत. हर्षफायरिंगला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशी चित्रफीत हाती आली तर गावाच्या ग्रुपवर न फिरवता थेट ठाण्यात द्या.

आता ग्रामपंचायतीकडे या. तुमचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. ‘दहानंतर डीजे वाजला तर ग्रामसभा अकरा हजार दंड करील’ असले ठराव मी वाचले आहेत. ते टिकत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ‘मालकाच्या घरी कोणी कार्याला जायचं नाही, मजुरांनी त्याच्या शेतात जायचं नाही’ असा ठराव. तो सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, २०१६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद. रागाच्या भरात असा ठराव सुचवला गेला तर सरपंच म्हणून तुम्ही तो कागदावर येऊच देऊ नका, नाहीतर मालक सुटेल आणि पंच कोर्टाच्या पायऱ्या चढतील.

ठरावात वस्तुस्थिती लिहा. कोणत्या तारखांना, किती वाजेपर्यंत, किती घरांना त्रास झाला, रस्ता किती वेळ अडला, रुग्णवाहिका किंवा दुधाची गाडी थांबली का. त्याखाली पोलीस पाटलांचा अहवाल जोडा. पोलीस पाटील हे शासनानं नेमलेलं पद आहे, त्यांच्या अहवालाला दंडाधिकाऱ्यांपुढे वजन असतं. ही जोडी हातात आली की उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १३३. लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधा आणणारा धंदा बंद करण्याचा किंवा त्यावर अटी घालण्याचा सशर्त आदेश त्यांना काढता येतो. मला हा मार्ग सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात एका रात्रीवर न थांबता जागेचा नेहमीचा कारभारच तपासला जातो. आणि बंदीच हवी असा हट्ट न धरता अटी मागितल्या, तर आदेश मिळण्याची शक्यता खूप वाढते.

पण अर्ज करण्याआधी मालकाला एकदा ग्रामपंचायतीत बोलावून घ्या. बहुतेक मालक याच गावचे असतात. त्यालाही धंदा करायचाय, त्याच्याकडे गावातली चार पोरं कामाला असतात, बायाबापड्यांना स्वयंपाकाची मजुरी मिळते. पावसाचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात शेताला असा जोडधंदा मिळणं वाईट नाही. त्याच्याकडून लेखी घ्या की साऊंड साडेनऊला बंद होईल. दहाला म्हटलं की साडेदहा होतात. बॉक्सचं तोंड वस्तीच्या विरुद्ध दिशेला राहील आणि जमिनीवर ठेवायचे मोठे बेस लागणारच नाहीत. आवाजाचं निम्मं दुखणं या दोन गोष्टींनी जातं. गाड्या आतच लागतील. बुकिंगची तारीख आठवडाभर आधी पोलीस पाटलांना कळेल. रात्री उचलणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर फाटकावर रंगवलेला असेल. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे मालक भाडेकरूकडून वेगळी अनामत घेईल, दहानंतर आवाज झाला तर ती परत मिळणार नाही असं पावतीवर छापून. शहरातून आलेला माणूस गावकऱ्यांचं ऐकत नाही, पण स्वतःचे अडकलेले पैसे त्याला दिसतात. डीजेवाल्यालाही हीच अट घालायला सांगा. त्याचं साहित्य जप्त झालं तर लग्नसराईचा त्याचा हंगाम बुडतो, त्यामुळे तो वेळ पाळतो.

ही चर्चा होईल तेव्हा मालक एक प्रश्न विचारणारच, ‘काकड्याचा भोंगा पहाटे चारला लागतो, अजानचा लागतो, सप्त्याचा लागतो. मग माझ्याच डीजेला का?’ त्याचा प्रश्न बरोबर आहे. सकाळी सहाच्या आधी लाऊडस्पीकर कोणालाच नाही. तुम्ही आधी गावातले सगळे भोंगे वेळेत आणा, मगच त्याच्याकडे बोट दाखवा. जयंतीची मिरवणूक असो, गणपती असो, उरूस असो किंवा पाटलांच्या घरचं लग्न असो, तक्रार एकाच मापानं झाली पाहिजे. ध्वनी नियमांचा वापर एखाद्या वस्तीचा आनंद दडपण्यासाठी झालेला मी पाहिला आहे. अशानं गाव दुभंगतं आणि मग फार्महाऊसचा प्रश्न बाजूलाच राहतो. तसंच, गरीब माणसानं स्वतःच्या अंगणात लेकीच्या लग्नाला वाजवलेला बॅन्जो आणि दर शनिवारी भाड्यानं चालणारी जागा यांत फरक करा. वेळ सारखीच पाळायची, पण पहिल्याला एक निरोप पुरतो, दुसऱ्याला नोटीस लागते. लातूर-धाराशिवकडे येळवसेला अख्खं गाव रानात जेवतं, पाहुणे येतात, मुलं झोके घेतात आणि त्या गर्दीचा कोणालाच त्रास होत नाही. अडचण लोक जमण्याची नाही.

कार्यक्रमाच्या रात्री कोणीही फाटकातून आत जाऊ नका. वीज तोडणं, दगड मारणं, गाड्यांची हवा सोडणं यातलं काहीही झालं की गुन्हा तुमच्या पोरांवर नोंदला जातो आणि डीजे तसाच वाजत राहतो. स्वतःच्या अंगणातून व्हिडिओ काढा, सुरुवातीला वेळ आणि जागा तोंडानं बोला. मूळ फाईल फोनमध्येच राहू द्या, कारण पुढे न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ११२ ला फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. गाडी आली, आवाज बंद झाला आणि गाडी वळताच पुन्हा सुरू झाला, तर पुन्हा फोन करा. एकाच रात्रीचे दोन क्रमांक पुढे फार उपयोगी पडतात. सकाळी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. परवानगी दिली होती का, किती वाजेपर्यंतची, कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर यावं लागतं.

अर्जाचा मजकूर लांबवू नका. एवढा पुरेल: ‘गट क्रमांक अमुक येथील जागा कार्यक्रमांसाठी भाड्यानं दिली जाते. खालील तारखांना रात्री १० नंतर साऊंड सिस्टिम चालू होती. ११२ वरील तक्रारींचे क्रमांक, ग्रामसभेचा ठराव आणि पोलीस पाटलांचा अहवाल सोबत जोडला आहे. ध्वनी प्रदूषण नियम, २००० च्या नियम ५, ७ व ८ खाली या जागेविरुद्ध लेखी आदेश व्हावा, लाऊडस्पीकरच्या परवानगीची प्रत मिळावी, आणि तक्रारदारांची नावं गुप्त ठेवावीत.’ खाली सरपंच म्हणून तुमची सही आणि शिक्का. प्रत उपविभागीय पोलीस अधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि तहसीलदार यांना. वस्तीवरच्या बायकांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्या आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरातच ठेवा, दंडाधिकाऱ्यांनी मागितला तरच बाहेर काढा.